पायात रॉड आहे, एमआरआय चालेल का?

"डॉक्टरसाहेब, एमआरआय काढून आणायला सांगितलाय, पण माझ्या पायात रॉड टाकलाय. चालेल का?" हा प्रश्न आता तालुक्याच्या गावातील दवाखान्यांतही वरचेवर ऐकू येतो. त्याचे कारण उघड आहे. मोटारसायकली वाढल्या, अपघात वाढले आणि हाडात रॉड, प्लेट किंवा स्क्रू बसवलेली माणसे घरोघरी दिसू लागली. गुडघा बदललेल्या आजी, हृदयात स्टेंट बसवलेले काका, छातीत पेसमेकर असलेले निवृत्त गुरुजी आपल्या ओळखीत असतातच. दुसरीकडे, एके काळी मुंबई-पुण्याला जाऊन करावी लागणारी एमआरआय तपासणी आता अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी होऊ लागली आहे.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे लोकांमध्ये फिरत असतात. पहिले म्हणजे, 'शरीरात लोखंड असले की एमआरआय करायचाच नाही.' या भीतीपोटी तपासणी टाळली जाते आणि मणक्याचा क्षय, मज्जारज्जूवरचा दाब किंवा मेंदूतील गाठ यांचे निदान लांबते. मज्जारज्जूवरचा दाब वेळेवर कळला नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे. 'ऑपरेशन होऊन वीस वर्षे झाली, आता ते कशाला सांगायचे?' किंवा 'सांगितले तर तपासणी नाकारतील, म्हणून गप्प बसावे.' ही दोन्ही उत्तरे घातक आहेत.

खरे उत्तर असे की, शरीरात बसवलेली वस्तू कोणती आहे, कोणत्या धातूची आहे आणि कुठे आहे यावर सारे अवलंबून असते. बहुतेकांना तपासणी करता येते. काहींना विशेष तयारीनंतर करता येते. थोड्यांना मात्र ती करताच येत नाही. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो हे अंदाजाने ठरत नाही, कागद पाहून ठरते. तो कागद आपल्याजवळ आहे का, हा प्रश्न आज प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

यंत्र काय करते?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. रुग्ण ज्या बोगद्यासारख्या यंत्रात निजतो ते यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक असते. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन असतो. या हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकाच्या प्रभावाखाली आल्यावर त्यांच्यावर रेडिओलहरी सोडल्या जातात. त्या थांबल्यावर अणुकेंद्रकांकडून जे संकेत परत येतात, त्यांवरून संगणक शरीराच्या आतील चित्र तयार करतो. या पद्धतीचा पाया घालणारे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात. रुग्णालयांतील यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ढोबळमानाने ३० हजार पट. एवढी शक्ती निर्माण करण्यासाठी यंत्रातील तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत ठेवलेली असतात. अशा थंडीत तारेतील वीजप्रवाह न अडता फिरत राहतो. त्यामुळे हे चुंबक दिवसरात्र चालू असते. तपासणी संपली, खोलीतले दिवे मालवले, बाहेरची वीज गेली, तरी चुंबक चालूच असते. ही एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी.

शरीरातील धातूला या यंत्रात तीन प्रकारचे धोके संभवतात. पहिला, चुंबकाला चिकटणारा धातू खेचला जाणे किंवा जागेवर वळणे. दुसरा, रेडिओलहरींमुळे धातू किंवा तार तापून भाजणे. तिसरा, पेसमेकरसारख्या विजेवर चालणाऱ्या उपकरणात बिघाड होणे. याशिवाय एक गैरसोय आहे. धातूच्या आसपासचे चित्र काळे किंवा वेडेवाकडे येते. ती इजा नव्हे, पण नेमका तोच भाग पाहायचा असेल तर तपासणीचा उपयोग कमी होतो.

सगळे स्टील सारखे नसते

घरात एखादे लहान चुंबक असेल तर ते स्वयंपाकघरातील स्टीलच्या भांड्यांना लावून पाहा. काही भांड्यांना ते चिकटत नाही. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला मात्र लगेच चिकटते. दोन्हींना आपण स्टीलच म्हणतो. स्टीलमध्ये लोखंड असले तरी त्यात निकेल योग्य प्रमाणात मिसळले की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि चुंबक त्याला जवळजवळ ओढत नाही. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे '३१६ एल' जातीचे स्टील या प्रकारचे असते. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. कृत्रिम सांध्यांत वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातूही ओढला जात नाही.

म्हणून हाडात घट्ट बसलेले रॉड, प्लेटा, स्क्रू, तसेच कृत्रिम गुडघा किंवा खुबा असलेल्या बहुसंख्य रुग्णांची एमआरआय तपासणी करता येते. अशा न ओढल्या जाणाऱ्या आणि पक्क्या बसवलेल्या वस्तूंसाठी अमुक आठवडे थांबायलाच हवे असेही नाही. पायाभोवती बाहेरून बसवलेल्या कड्या आणि सळयांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या तापू शकतात, म्हणून त्यांची माहिती आधी काढावी लागते.

येथे एक इशारा. भांड्यांवर केलेला प्रयोग स्वतःच्या शरीरावर करू नये. पायाला चुंबक लावून 'चिकटले नाही, म्हणजे चालेल' असे ठरवता येत नाही. पेसमेकर असलेल्याने तर छातीजवळ चुंबक मुळीच नेऊ नये. त्याने पेसमेकरचे काम बदलते.

स्टेंट, झडप आणि तांबी

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटबद्दल लोक फार घाबरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध करून सांगितले की, हृदयाचे स्टेंट असलेल्यांची ३ टेस्लापर्यंतच्या यंत्रात, स्टेंट बसवल्यानंतर केव्हाही, तपासणी करता येते. हृदयाच्या कृत्रिम झडपांबाबतही निष्कर्ष दिलासा देणाराच आहे. तरीही स्टेंटचे किंवा झडपेचे नाव तंत्रज्ञांना दाखवावेच, कारण प्रत्येक वस्तूच्या अटी तिच्या उत्पादकाने लिहून दिलेल्या असतात.

स्त्रिया तांबीबद्दल विचारायला संकोचतात. तांब्याला चुंबक ओढत नाही आणि तांबी असताना नेहमीच्या यंत्रांत तपासणी करता येते. मात्र ती बसवली आहे हे सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही. दुर्बिणीतून केलेल्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बसवलेली लहान कडी सिलिकॉन रबराची असते. पित्ताशय काढताना लावलेल्या क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात. दातात भरलेले चांदी-सिमेंट आणि पक्क्या बसवलेल्या कॅपा यांची तपासणीला आडकाठी नसते, फक्त तोंडाजवळचे चित्र बिघडू शकते. काढता येणारी कवळी मात्र बाहेर काढून ठेवावी.

पेसमेकर असेल तर

पेसमेकर असलेल्यांना पूर्वी सरसकट 'एमआरआय नाही' असे सांगितले जाई, आणि ते योग्यच होते. पुढे एमआरआयमध्ये चालतील असे खास पेसमेकर निघाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या पेसमेकरला २०११ साली मान्यता दिली. जुन्या पद्धतीच्या उपकरणांचाही नंतर अभ्यास झाला. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेसमेकर असलेल्यांच्या १,००० आणि हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण असलेल्यांच्या ५०० तपासण्यांची नोंद आहे. छाती सोडून इतर भागांच्या या तपासण्या १.५ टेस्लाच्या यंत्रात झाल्या. तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही आणि एकही तार निकामी झाली नाही. एका रुग्णाचे उपकरण मात्र लगेच बदलावे लागले. तपासणीपूर्वी ठरलेल्या पद्धतीने त्याची मांडणी करून घेतलेली नव्हती.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. पेसमेकर असेल तर तपासणी अशक्य नाही, पण ती साध्या रुग्णासारखी करता येत नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून पेसमेकर तपासून घ्यावा लागतो आणि एमआरआयसाठी त्याची मांडणी बदलून घ्यावी लागते. तपासणीच्या वेळी नाडी आणि हृदयालेखावर लक्ष ठेवावे लागते आणि नंतर मांडणी पूर्ववत करावी लागते. ही सोय नसलेल्या केंद्राने 'नाही' म्हटले तर वाद घालू नये. सोय असलेल्या केंद्रात जावे.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानामागे शस्त्रक्रियेने बसवतात त्या कॉक्लियर इम्प्लान्टमध्ये स्वतःचेच एक चुंबक असते. यंत्रात ते हलू शकते आणि फार वेदना होऊ शकतात. काही नव्या प्रकारांत हे चुंबक आतल्या आत फिरेल अशी रचना असते. काहींत पट्टी घट्ट बांधून तपासणी करतात, तर काहींत ते चुंबक आधी काढावे लागते. आपल्या मुलाच्या कानात कोणता प्रकार आहे हे आईवडिलांना ठाऊक असलेच पाहिजे. डोक्यात पाणी साठल्यामुळे बसवलेल्या नळीची झडप बाहेरून कमीजास्त करता येण्याजोगी असेल, तर तपासणीनंतर तिची मांडणी पुन्हा पाहून घ्यावी लागते.

मेंदूतील क्लिप आणि डोळ्यातील कण

मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा बंद करण्यासाठी शल्यविशारद तिच्यावर एक बारीक क्लिप लावतात. जुन्या काळातील काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या स्टीलच्या होत्या. १९९३ साली 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतील अशा एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. तिच्या डोक्यातील क्लिप चुंबकाला न ओढली जाणाऱ्या जातीची आहे, अशी माहिती तपासणी करणाऱ्यांना मिळाली होती. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच जातीची निघाली. चुंबकाजवळ नेताच क्लिप जागेवरून फिरली, रक्तवाहिनी फाटली आणि रुग्ण दगावली. कोणी विचारलेच नाही असे येथे घडले नव्हते. विचारले होते, उत्तरही मिळाले होते, पण ते उत्तर चुकीचे होते. आजच्या क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या किंवा न ओढल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या असतात. तरीही क्लिपची जात सांगणारा लेखी कागद हाती आल्याशिवाय अशा रुग्णाला यंत्राजवळ नेऊ नये, असा सावध नियम पाळला जातो.

शस्त्रक्रिया झालेली नसतानाही धातू शरीरात असू शकतो. १९८६ साली एका पत्राकाम करणाऱ्या कामगाराची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहून गेला होता. एमआरआयच्या वेळी तो हलला, डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. आपल्याकडे वेल्डिंग, लेथ, ग्राइंडर यांवर काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत आणि चष्मा न लावता काम करण्याची सवयही आहे. डोळ्यात कधी कीस गेला असेल तर ते आवर्जून सांगावे. अशा वेळी आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून कण आहे का ते पाहतात. शरीरात गोळीचे तुकडे किंवा बॉम्बचे कपचे राहिलेल्या माजी सैनिकांनी आणि छर्रे लागलेल्यांनीही हे सांगितले पाहिजे.

खोलीत शिरताना

आतापर्यंत शरीरातील धातूविषयी पाहिले. एमआरआयचे सर्वाधिक गाजलेले अपघात मात्र बाहेरून नेलेल्या लोखंडामुळे झाले आहेत. २००१ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात तपासणी चालू असताना खोलीत आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राने खेचून घेतला. त्याच्या आघाताने सहा वर्षांचा मुलगा मरण पावला. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन खोलीत गेला. सिलिंडरसह तो यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा अंत झाला. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगितले गेले, असा नातेवाइकांचा आरोप होता. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातच, व्यायामासाठी गळ्यात जड साखळी घातलेला एक गृहस्थ पत्नीच्या तपासणीच्या वेळी खोलीत शिरला. तोही ओढला जाऊन मृत्युमुखी पडला.

तेव्हा सोबतच्या माणसालाही तेच नियम लागू आहेत. तंत्रज्ञाने बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. मोबाईल, घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे, कमरेचा पट्टा, एटीएम कार्ड, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, सारे बाहेर ठेवावे.

सोन्याला चुंबक ओढत नाही, मग मंगळसूत्र का काढायचे, असा प्रश्न बायका विचारतात. सोने-चांदी ओढली जात नाही हे खरे. पण रेडिओलहरींमुळे दागिन्यात वीजप्रवाह निर्माण होऊन तो तापू शकतो. शिवाय दागिन्याच्या फाशात किंवा तारेत लोखंड असू शकते. म्हणून मंगळसूत्र, बांगड्या, नथ, जोडवी, पैंजण, करदोटा, ताईत, तांब्याचे कडे हे सर्व काढून घरच्या माणसाकडे द्यावे. जोडवी बोटात रुतली असतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने सैल करून काढावीत. निघतच नसतील तर तंत्रज्ञांना तसे सांगावे. केसांतील पिना आणि आकडे, साडीच्या सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, जरीचे कापड यांतही धातू असतो, म्हणून केंद्राने दिलेला गाऊन घालावा. दंडावर किंवा छातीवर औषधाची चिकटपट्टी असेल तर तीही दाखवावी. काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि त्याखाली कातडी भाजते.

आत निजल्यावर हात एकमेकांत गुंफू नयेत आणि पायावर पाय टाकू नये. तपासणी चालू असताना कुठेही चटका किंवा ओढ जाणवली तर सोसत पडून राहू नये. हातात दिलेला रबरी फुगा लगेच दाबावा.

तो कागद कुठे आहे?

२००५ सालापासून एमआरआयसाठी तीन चिन्हे प्रमाण मानली जातात. हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक. पिवळा त्रिकोण म्हणजे ठरावीक अटींवर चालेल. तिरपी रेघ असलेले लाल वर्तुळ म्हणजे यंत्राजवळ नेऊ नये. शरीरात बसवायच्या धातूच्या वस्तू बहुतेक पिवळ्या गटात येतात. म्हणजे अटी पाहाव्या लागतात, आणि अटी पाहायच्या तर वस्तूचे नाव, उत्पादक आणि क्रमांक हवा.

ही माहिती मिळण्याची पहिली जागा म्हणजे डिस्चार्ज कार्ड. शस्त्रक्रियेत वापरलेल्या वस्तूच्या खोक्यावर छापील स्टिकर असतात आणि रुग्णालय ते आपल्या कागदांवर चिकटवून ठेवते. घरी सोडताना 'एक स्टिकर आमच्या कार्डावर लावून द्या' असे नम्रपणे म्हणावे. पेसमेकर आणि कॉक्लियर इम्प्लान्टसोबत ओळखपत्र मिळते, ते नेहमी पाकिटात असावे. स्टेंटच्या किमतीवर २०१७ साली मर्यादा आली तेव्हा रुग्णालयाच्या बिलात स्टेंटचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिण्याचे बंधनही आले. म्हणून अँजिओप्लास्टीचे बिल फेकू नये.

रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे २००२ सालचे नियम सांगतात. पण त्याच नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाची नोंद तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. दहा-पंधरा वर्षांनी एमआरआयची वेळ येते तेव्हा रुग्णालयात ते कागद असतीलच असे नाही. कधी रुग्णालय बंद झालेले असते, कधी डॉक्टर गाव सोडून गेलेले असतात.

आणखी एका प्रसंगाचा विचार करावा. पक्षाघाताचा झटका आलेला माणूस बोलू शकत नाही. अपघातात बेशुद्ध झालेला माणूस सांगू शकत नाही. रात्री दोन वाजता इस्पितळात फॉर्म भरायला सून किंवा शेजारी उभा असतो. 'यांच्या शरीरात काही धातू आहे का?' या प्रश्नावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. माहिती नसेल तर डॉक्टर आधी एक्स-रे काढतात किंवा सिटी स्कॅनवर भागवतात, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून ही माहिती एकट्या रुग्णाला असून चालत नाही, ती घरातील दोघातिघांना तरी असावी.

घरातील प्रत्येकासाठी एका कागदावर एवढे लिहून ठेवावे: कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या साली, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या डॉक्टरांनी केली. काय बसवले, त्याचे नाव आणि क्रमांक काय. ते पुढे काढले का, की एखादा तुटलेला स्क्रू आत राहिला. डोळ्यात किंवा अंगात कधी लोखंडाचा कण गेला का. हा कागद डिस्चार्ज कार्डासह रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. जुन्या कार्डावरची शाई उडते, म्हणून त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाईलवर फोटोही घ्यावा.

एमआरआयची चिठ्ठी हाती पडली की ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हा कागद दाखवावा, आणि केंद्रात नंबर लावतानाच पुन्हा दाखवावा. नंबर लावताना माहिती मिळाली तर केंद्राला चौकशी करायला वेळ मिळतो. आयत्या वेळी यंत्राच्या दारात सांगितले तर बहुधा परत फिरावे लागते आणि एसटीचे भाडे व दिवसाची मजुरी वाया जाते. ज्यांना एमआरआय खरोखरच करता येत नाही त्यांनीही निराश होऊ नये. सिटी स्कॅन, सोनोग्राफी यांसारख्या चुंबकाशिवायच्या तपासण्यांतून पुष्कळदा मार्ग निघतो.